चांद्या रामाकोन्याला पोचलाच नाही

१

पोळ्याच्या दिवशी, सगळं सौंसर पुरणपोळीवर तुपाची धार ओतून सुस्तावलेलं असताना, मंगल कार्यालयातल्या काचेच्या पेटीतून चांद्या नाहीसा झाला. दाराचं कुलूप जसंच्या तसं. पेटीची कडी लावलेली. आत लाल मखमल, मखमलीवर चाकांचे वळ, आणि चांद्या नाही.

चांद्या म्हणजे बैल नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर सणासुदीचा वाचणारा गोठ्यातच शोधत बसायचा. चांद्या म्हणजे वीतभर लांबीचं पितळी इंजिन, छोट्या लाईनच्या वाफेच्या इंजिनाची नक्कल, काळं रंगवलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. ते घडवलं रघुनाथराव कळंब्यांनी. हा माणूस जन्मभर छोट्या लाईनवर गार्ड होता. पुढे ती लाईन उखडून सरकारनं मोठी टाकली, तेव्हा रघुनाथरावांनी आपली लाईन लांबलचक टेबलांवर पुन्हा घातली. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, सगळी स्टेशनं. संत्र्यांचे बगीचे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचे. गुडघे गेले आणि रामाकोन्याचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला द्यावं लागलं, तेव्हा बैलजोडी विकली. कलाबाई, त्यांची बायको, त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढल्या पोळ्याला रघुनाथरावांनी हे इंजिन बायकोच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, हाच आता आपला बैल. इंजिनाच्या कुशीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या अक्षरांत विकलेल्या बैलाचं नाव लिहिलं होतं.

तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सौंसरात छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं. लेकरं लाकडी नंदी ओढत यायची, नंदी दाराशी ठेवायची आणि गाड्या बघायची. मग कोरोना आला. पोळे बंद दाराआड गेले, आणि दुसऱ्या लाटेत रघुनाथरावही गेले. यंदा प्रदर्शन पहिल्यांदाच पुन्हा भरत होतं, उद्याच.

भरवणार होत्या मीनाताई घोरमारे. पांढुर्ण्याच्या कोर्टात रीडर म्हणून, न्यायाधीशांच्या हाताशी बसून फायली बघायची नोकरी करून निवृत्त झालेल्या. साक्षीदार खोटं बोलताना कुठं थुंकी गिळतो हे त्यांना उभ्या आयुष्यात पाठ झालेलं, पण कोर्टात बोलायचा हक्क कधी मिळाला नाही. प्रदर्शनाच्या त्या अध्यक्ष, सचिव, आणि वेळ पडली तर झाडूवाल्याही. त्या रिकाम्या पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना चोराआधी सकाळ आठवली.

कारण सकाळी जे झालं होतं ते चोरीहून वाईट होतं.

सकाळी उद्याची रंगीत तालीम होती. शिरस्त्याप्रमाणे चांद्याला रुळावर ठेवायचा मान कलाबाईंचा. त्यांनी ठेवला. रघुनाथरावांच्या हाताखाली शिकलेल्या विनोदनं बटण फिरवलं. चांद्या निघाला, चार झाडं ओलांडली, अडखळला, दिवा लुकलुकला, पुन्हा थोडा सरकला आणि रामाकोन्याच्या अलीकडे उभा राहिला तो राहिलाच. आदल्या दुपारी हाच चांद्या भिंगरीसारखा फिरला होता. शेजारच्या टेबलावरची मोठी गाडी बिनबोभाट धावत होती, म्हणजे वीज होती. विनोद तारा बघायला टेबलाखाली घुसला. कलाबाई खुर्चीतून उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नका ओढू त्याले. ते नाही म्हणून राह्यले."

कोणालाही हात लावू न देता त्यांनी चांद्याला उचलून पेटीत ठेवलं आणि घरी गेल्या. घरी जाऊन अन्नाला शिवल्या नाहीत.

२

आता हे 'ते' कोण, हे सौंसरात कोणाला विचारावं लागत नाही.

रघुनाथराव नागपूरच्या दवाखान्यात गेले तेव्हा कलाबाई इकडे घरात तापानं फणफणल्या होत्या. त्यांना सांगितलंच नाही. बऱ्या झाल्यावर सांगितलं, तोवर राखही वाहून गेलेली. तोंड पाहिलं नाही, पिंडाला कावळा शिवला की नाही ते पाहिलं नाही. आपल्याकडे माणूस गेलेल्या जागी पीठ पसरतात आणि सकाळी त्यावर कोणाची पावलं उमटली ते बघतात. तेही झालं नाही. कलाबाईंच्या डोळ्यातून टिपूस गळलं नाही. त्या रोज दुसरं ताट वाढायच्या आणि संध्याकाळी लाईनीसमोर बसायच्या. त्यांच्या मनानं एकच घेतलं होतं, की शेवटच्या वेळी मी नव्हते, म्हणून ते रागावून बसले आहेत. यंदा चांद्या धावला असता तर राग गेला असं त्या मानणार होत्या. धावला नाही. आणि आता तर तो गायबच होता.

म्हणून मीनाताईंना चोर सापडायला हवा होता. चांद्या उद्या धावला नाही, तर ही बाई उरलेलं आयुष्य नवऱ्याच्या रागाच्या सावलीत काढील, आणि ते किती उरेल याचाही भरवसा नव्हता.

एकट्यानं त्या हॉलमध्ये थांबणं तसं सोपं नव्हतं. रामाकोन्याच्या फलाटावर रघुनाथरावांनी काड्यांतून कोरलेली माणसं उभी होती, सगळी गावातली, ओळखू येतील अशी. संत्र्यांची टोपली घेतलेल्या शांताबाई. पोस्टमन. गळ्यात नळी घातलेले डॉक्टर. यातली कितीतरी आता नव्हती. काखेत फाईल धरलेल्या खुद्द मीनाताईही तिथं होत्या, आणि त्यांच्या दोन्ही अंगाला उभी असलेली माणसं गेलेली होती. मीनाताई तिकडे शक्यतो बघत नसत. आज बघावं लागलं, कारण तिथं काहीतरी हलत होतं.

मुंग्या. लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून टेबलावर आली होती आणि बरोबर रुळावरून चालली होती, सौंसरपासून चांद्या थांबला त्या जागेपर्यंत. पुढल्या रुळावर एक नाही. पेटीतल्या मखमलीवरही त्या होत्या, नेमक्या चाकांच्या वळांवर. खिडकीखाली पळसाचं एक वाळकं पान पडलं होतं, पण पोळ्याला पळस कोणाच्या दारी नसतो? मीनाताईंनी पान केराच्या टोपलीत टाकलं.

रघुनाथरावांच्या हार घातलेल्या फोटोला नमस्कार करून त्या विनोदला शोधायला बाहेर पडल्या.

३

विनोदचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. चांद्याच्या पोटातली इवलीशी मोटर त्याची. संशयाचं पहिलं बोट त्याच्याकडेच होतं, कारण महिन्यापूर्वी त्यानं सगळ्यांसमोर आवाज चढवला होता. रघुनाथरावांचा मुलगा वैभव ही सगळी लाईन प्रदर्शनानंतर नागपूरच्या एका शाळेला देऊन टाकणार होता. विनोद म्हणाला होता, चांद्या सौंसरच्या बाहेर कसा जाते तेच बघतो.

मीनाताईंनी सरळ विचारलं. विनोदला राग आला नाही, रडू आलं. तो म्हणाला की तो सासुरवाडीला मोहगावला जेवायला गेला होता, आणि तिथं त्याला घास गेला नाही, कारण डोक्यात तारा फिरत होत्या. नक्की टेबलाखालचा सांधा सुटला असणार. आज रात्रीतून टेबलाची फळी काढून सगळी तार बदलतो, असं तो पोटतिडकीनं सांगत राहिला. चांद्या सापडला तर उद्या धावलाच पाहिजे, म्हणाला. मीनाताईंनी त्याला ओझरतं विचारलं, इंजिन उलटं करून चाकं पाहिलीस का? तो म्हणाला, कलाकाकूंनी हात कुठं लावू दिला.

मीनाताईंनी मनातल्या मनात विनोदच्या नावावर काट मारली. जो अजून तारेत दोष शोधतो आहे, तो इंजिन कशाला पळवील?

दुसरा गौरव. पांढुर्ण्याचा, औषधाचं दुकान असलेला. मोठ्या लाईनीची विजेची गाडी त्याची. उद्या त्याच्या गावात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा, अर्धं जग ती बघायला पांढुर्ण्यात जाणार, आणि हा गडी सौंसरला आलेला. त्याला मधलं टेबल हवं होतं. शिवाय त्यानं दोनदा सांगितलं होतं की त्या फलाटावरची माणसं काढून टाका, पब्लिकला बरं नाही वाटत.

तो कार्यालयासमोरच्या कडुनिंबाखाली गाडीत बसला होता. डबा तिथंच खाल्ला होता त्यानं. मीनाताईंनी चांद्याचं नाव काढताच तो घाईनं गाडीतून उतरला.

"मॅडम, मी त्याला चिमट्यानंही उचलणार नाही," तो म्हणाला. मग खाली बघत जे सांगितलं ते मीनाताईंनी कुठं सांगितलं नाही, पण इथं सांगावं लागेल. त्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांचा त्याला फोन आला होता. एक इंजेक्शन हवं होतं. त्याच्याकडे नव्हतं, कोणाकडेच नव्हतं. पण त्यानं 'बघतो' म्हटलं, आणि पुढले फोन उचलले नाहीत. त्या फलाटावरचे कितीतरी त्याचे गिऱ्हाईक होते. सकाळी इंजिन थांबलं तेव्हा त्याला वाटलं, ते आपल्याकडेच बघून थांबलं.

  मीनाताईंनी फक्त विचारलं की इथं बसून कोणी आत जाताना दिसलं का.

"बाहेरचं कोणीच नाही," गौरव म्हणाला. "कळंब्यांकडची एक बाई आली होती. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. नैवेद्य असेल म्हणून मी तोंड फिरवलं. मला त्या घरच्या कोणाकडे बघवतच नाही. थोड्या वेळानं ताट घेऊन परत गेली."

"झाकलेलंच?"

"हो. झाकलेलंच."

मीनाताई पुन्हा हॉलमध्ये गेल्या. फोटोसमोर उदबत्तीची राख होती. पुरणाचा कणही नव्हता. नैवेद्य आत गेला नव्हता. आत गेलेलं ताट रिकामं होतं आणि बाहेर आलेलं भरलेलं.

४

मीनाताईंजवळची एक सोडली तर हॉलची दुसरी किल्ली कळंब्यांच्या घरात देवघराशेजारच्या खिळ्याला लटकत असे. म्हणजे घरातल्या तिघांपैकी कोणीही ती घ्यावी आणि कोणीही परत लावावी. डोक्यावर पदर म्हटल्यावर बायका दोनच उरतात. पण मीनाताई आधी वैभवशी बोलल्या, कारण कोर्टात त्यांनी एवढं बघितलं होतं की ज्याच्यावर संशय नसतो तोच जास्त बोलतो.

वैभव शाळेत मास्तर होता, लोधीखेड्याला. तो ओसरीत डोकं धरून बसला होता. म्हणाला, "खरं सांगू का मीनाताई, मला तर बरंच वाटून राहिलं. गेलं ते गेलं. आई रोज त्या लाईनीसमोर बसते, बाबांशी बोलते. मला माझ्याच घरात पाय टाकायची भीती वाटते." लाईन नागपूरला द्यायचं कारण हेच होतं. चांद्या त्यानं घेतला नव्हता, पण कोणी घेतला असेल तर त्याचे पाय धरायला तो तयार होता.

त्याची बायको अमिता स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली. सणाची साडी, हातात हिरव्या बांगड्या. तिनं सांगितलं की सकाळपासून ती चुलीपुढून हललीच नाही, पुरण वाटण्यात दुपार गेली, आई जेवल्या नाहीत म्हणून तिच्याही घशाखाली काही उतरलं नाही. तिनं पेला पुढे केला तेव्हा मीनाताईंचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. नखं लालचुटूक रंगवलेली, पण उजव्या हाताचा अंगठा आणि जवळची दोन बोटं मात्र फिकट, रंग पुसट होऊन कडेला साचलेला. मीनाताईंना वाटलं, काय बाई कामाचा रगाडा, सणाच्या दिवशीही नखं धड राहत नाहीत. त्यांनी पाणी पिऊन पेला ठेवला.

कलाबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मीनाताई पायथ्याशी बसल्या. दोघींची मैत्री जुनी, प्रस्तावना लागत नसे. चांद्या गेल्याचं कलाबाईंना कळलं होतं आणि त्याचं त्यांना नवलही वाटलं नव्हतं. ज्याचा होता त्यानं नेला, म्हणाल्या.

"तुम्ही दुपारी हॉलवर गेल्या होत्या का, कलाबाई?"

त्यांनी मान हलवली. सकाळपासून उठल्याच नव्हत्या.

"अन् काल?"

काल संध्याकाळी गेल्या होत्या, त्यात लपवण्यासारखं काय होतं? काल खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतो, पळसाच्या पानानं शेकतो आणि कानात सांगतो, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्यानं काय करावं? कलाबाईंनी दरवर्षी जे केलं तेच केलं होतं. चांद्याच्या पुढच्या चाकांना, आसाला, दांड्यांना तूप-हळद लावली, पानानं चोळली, आवतन दिलं.

मीनाताईंच्या डोळ्यासमोरून मुंग्यांची रांग गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लोखंडी रुळातून वीज चाकात चढते आणि चाकातून मोटरीत. मध्ये तुपाचा थर आला की संपलं. पण त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत कलाबाई भिंतीकडे बघतच बोलल्या.

"तुपाचं म्हणसाल तर दरवर्षी लावत होती मी. त्यायच्यासमोर लावत होती. अन् दरवर्षी दुसऱ्या दिवशी चांद्या धावलाच ना? सगळं तेच हाय, मीनाबाई. तेच तूप, तोच चांद्या, मीच. फक्त ते नाहीत. मंग कोणं थांबवला त्याले?"

 बिनतोड सवाल होता. बाहेर बैल वेशीवरच्या तोरणाकडे निघाले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज भिंतीतून येत होता. कलाबाईंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

५

मीनाताई मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बाई बोलली ते खरं धरून चालायचं, हे त्यांनी ठरवलं. दरवर्षी तूप लागत होतं. दरवर्षी चांद्या धावत होता. तुपाचा गुण तर वर्षावर्षाला बदलत नाही. म्हणजे दरवर्षी खांदमळणी आणि तालीम यांच्या मध्ये कोणीतरी ते तूप पुसत होतं. यंदा ते पुसायचं राहिलं.

पुसणारा कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. रघुनाथराव पुसत होते, बायकोच्या चोरून. कारण तिला सांगितलं असतं की तुझ्या तुपानं गाडी अडते, तर तिनं लावणं सोडलं असतं, आणि बैल विकल्यावर तिच्याकडे उरलेला पोळाही गेला असता. पण तूप काही नुसत्या फडक्यानं सुटत नाही. आसात, चाकांच्या दातांत शिरतं. त्याला काहीतरी तीव्र लागतं, झटकन उडून जाणारं. ते या घरात कोणाकडे असतं?

मीनाताईंना ती तीन फिकी नखं आठवली. पुरण वाटून नखांचा रंग जात नाही. बोळा धरून काही पुसलं, आणि बोळ्याला नेलपॉलिश काढायचं पाणी असलं, तर नेमका अंगठा आणि दोन बोटंच फिकी होतात.

अमिता चुलीशीच होती. मीनाताईंनी दार लोटून घेतलं. काही विचारलं नाही, फक्त तिचा उजवा हात हातात घेऊन त्या नखांकडे बघत राहिल्या. अमितानं हात ओढून घेतला नाही. तिचा बांध फुटला.

सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला मामाजी पहाटे दाराशी घुटमळत उभे होते. एवढा कडक माणूस, सुनेशी नजर वर करून न बोलणारा, आणि मागतो काय तर नेलपॉलिश काढायची बाटली. तिला आधी हसू आवरेना. मग त्यांनी तिच्यासमोरच चांद्या उलटा केला आणि कापसाच्या बोळ्यानं, थेंबथेंब घेऊन, एकेक चाक पुसलं. म्हणाले, बेटा, आईले सांगू नको, तिचा जीव लहान होईल. तेव्हापासून दर पोळ्याला बाटली तयार असायची.

"यंदा माझ्या ध्यानातच नाही आलं ताई. ते गेल्यावर हे काम कोणाचं, हे मी कधी इचारलंच नाही सोताला. सकाळी चांद्या थांबला अन् मला बाटली आठवली. दुपारी आणला, पुसून परत ठेवीन म्हटलं. घाई झाली. अख्खी बाटली ओतली."

ती उठली आणि पिठाच्या पिंपामागून ओढणीत बांधलेली पुरचुंडी काढली. चाकं आरशासारखी लखलखत होती. पण पाणी कुशीवरून ओघळलं होतं, आणि रघुनाथरावांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव गेलं होतं. काळ्या रंगावर पांढरट फराटा तेवढा उरला होता. म्हणून तिनं तो लपवला होता. चोर म्हणवून घेणं चाललं असतं, पण हे सासूसमोर नेणं तिच्यानं होत नव्हतं.

वैभव दारात कधी येऊन उभा राहिला ते दोघींना कळलं नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, विनोदकडून रात्रीत नाव पुन्हा लिहून घेऊ, अगदी तसंच. सकाळी पेटीत ठेवू. चांद्या धावेल, आईला वाटेल बाबांचा राग गेला. तिला बरं वाटू द्या. कशाला सांगायचं?

मीनाताईंनी उभ्या जन्मात अशा चांगल्या मनाच्या साक्षी पुष्कळ ऐकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज राग गेला असं वाटेल. पुढच्या वर्षी तुमची आई पुन्हा तूप लावेल, कोणी पुसायला विसरेल, अन् राग परत येईल. किती वर्षं तिला नवऱ्याला भ्यायला लावता?" मग त्या अमिताकडे वळल्या आणि म्हणाल्या की गुपित मामाजींनी तिच्याजवळ ठेवलं होतं, तेव्हा सांगायचं की नाही हे तीच ठरवील. त्या रात्री मीनाताईंना झोप लागली नाही. अमिता गप्प राहिली तर आपणही गप्प राहायचं, असा शब्द त्या स्वतःला देऊन बसल्या होत्या आणि तो त्यांना पटत नव्हता.

६

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी कार्यालयाबाहेर नंद्यांची रांग लागली. काही नंद्यांना झूल, काहींना खऱ्या बैलासारखं बाशिंग, आणि लेकरांच्या आया सावलीला उभ्या. दार अजून उघडलं नव्हतं. आत विनोद बटणापाशी होता, गौरव आपल्या टेबलामागं, वैभव खिडकीशी. कलाबाईंना मीनाताईंनी हाताला धरून आणलं होतं. त्या यायला तयार नव्हत्या.

अमिता पुढे आली आणि तिनं ओढणीची पुरचुंडी सासूच्या मांडीवर सोडली. नाव पुन्हा लिहून घेतलं नव्हतं.

कलाबाईंनी त्या पांढऱ्या फराट्यावरून बोट फिरवलं.  मग अमितानं खाली बसून सगळं सांगितलं, पहिल्या पोळ्याच्या पहाटेपासून. मध्येच तिचा आवाज जायचा, मग ती पुन्हा मागचं वाक्य पकडायची. मामाजी दाराशी कसे उभे राहायचे, बाटली कशी धोतराच्या सोग्यात लपवायचे, पुसून झाल्यावर चांद्याचं कपाळ नुसतं हातानं कुरवाळून कसे परत ठेवायचे. एकदा वैभव उठला तर त्याला म्हणाले होते की सुनेजवळ सर्दीचं औषध मागून राहिलो.

विनोद तोंड उघडं टाकून ऐकत होता. एवढा मोटरीतला जाणता, पण गुरूनं त्यालाही पत्ता लागू दिला नव्हता.

"दरवर्षी?" कलाबाईंनी विचारलं.

"दरवर्षी, आई."

"अन् मले वाटे माझ्या आवतनानं धावते."

त्या हसल्या. खरंच हसल्या, लाजल्यासारख्या, पदर तोंडाला लावून. किती तरी दिवसांनी कोणी त्यांना हसताना पाहत होतं. वैभवच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. झालं, सुटलो, असं त्याला वाटलं असावं. मीनाताईंनाही क्षणभर तसंच वाटलं.

मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी चांद्याकडे पाहिलं, रुळाकडे पाहिलं, आणि फोटोतल्या रघुनाथरावांकडे पाहिलं.

"म्हणजे ते रागावले नव्हते," त्या म्हणाल्या. "कोणंच थांबवलं नव्हतं त्याले. पुसाले कोणी नव्हतं, एवढंच." त्या मीनाताईंकडे वळल्या. "मीनाबाई, मंग ते इथं नाहीतच काय?"

मीनाताईंना तेव्हा समजलं की आपण हिच्याकडून काय काढून घेतलं. रागावलेला का होईना, नवरा होता. लाईनीसमोर बसायचा, ताटावर यायचा, गाडी अडवायचा. त्याच्याशी भांडता येत होतं. आता तोही नव्हता. कोर्टात सत्य बाहेर आलं की फाईल बांधून कपाटात जायची आणि मीनाताई घरी जायच्या. इथं त्यांना कुठंच जाता येईना.

"नाहीत, कलाबाई," त्या म्हणाल्या. "गेले ते."

बाहेर कुठल्याशा नंदीची चाकं करकरली. लेकरांचा गलका वाढत होता. विनोदनं चांद्या अलगद उचलून रुळावर ठेवला, बटणावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "काकू, सोडू?"

"थांब," कलाबाई म्हणाल्या. "आधी रडू दे मले."

आणि त्या रडल्या. अमितानं त्यांना धरलं, मीनाताईंनी अमिताला धरलं, आणि बायका माणूस गेल्यावर घरात जशा रडतात तशा त्या तिघी रामाकोन्याच्या फलाटासमोर मोठ्यानं रडल्या. गौरव टेबलामागून बाहेर आला, त्यानं काय करावं त्याला सुचेना, तो वैभवशेजारी जाऊन उभा राहिला. विनोदनं बटणावरचा हात काढून घेतला. आवाज बाहेरपर्यंत गेला. दारातल्या बायकांनी लेकरांना गप्प केलं, आणि त्यांच्यातल्या काहीजणींनी डोक्यावर पदर घेतला. त्या दिवशी प्रदर्शन उशिरा उघडलं. कोणी कुरकुर केली नाही.